दमाच म्हणायचं

चौतिसाव्या सुईसाठी मुक्तानं चुलीवर पाणी उकळत ठेवलं होतं आणि महमूद कंपाउंडरच्या सायकलची घंटी काही वाजत नव्हती. नऊच्या ठोक्याला येणारा माणूस. तेहतीस दिवसांत त्यानं एकदाही दहा वाजवले नव्हते. आज भांड्यातलं पाणी आटून अर्ध्यावर आलं तरी त्याचा पत्ता नव्हता.

आला तो सूर्यभानमामा. सासूचा, गोजरबाईचा, हा धाकटा भाऊ बोलावल्याशिवाय यायचा आणि उठवल्याशिवाय उठायचा नाही. आज मात्र त्याला रीतसर बोलावणं होतं. दुपारी रतनला बघायला पाहुणे येणार होते, आणि भाचीची सोयरीक जुळवायची तर मामाशिवाय पान हलत नाही, असं निदान मामाचं तरी मत होतं.

"पानी कशाला उकळतीस गं?" त्यानं स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं.

"सुईसाठी, मामा. महमूदभाई येतील आता."

"न्हाई यायचा. वाटंत भेटला, तिथनंच माघारी लावला त्याला."

मामानं कोपरीच्या खिशातून एक रिकामी बाटली काढली आणि चुलीच्या कडेला ठेवली. बोटभर उंचीची, रबरी बुचाची. गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत तिनं स्वतःच्या हातानं खुपसलेली.

"ही कशाची हाय?"

"ताकदीची सुई हाय."

"ताकदीची!" मामा हसला. "राहुरीच्या औषधाच्या दुकानात दावली मी. दुकानदारानं आधी बाटली खाली ठेवली, मग हात धुतले, मग नाव सांगितलं. ताकदीच्या सुईला कोन हात धुतं?"

"मला खोकला न्हाई, मामा. एक दिस बी न्हाई. माझ्या पिशवीला हाय ते."

"पिशवीला? पिशवी काय खोकती व्हय?"

तिला स्वतःलाही हे नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितल्यावर समजलं होतं.

लग्नाला आठ वर्षं झाली तरी कूस उजवली नाही. मढीच्या कानिफनाथाला नवस झाला, वैदूच्या मुळ्या झाल्या, शिंगणापूरला नवऱ्यानं, गहिनीनाथानं, ओलेत्यानं तेल घातलं. शेवटी श्रावणात गहिनीनाथ तिला घेऊन नगरला गेला. तिथं आधी त्याचीच तपासणी झाली. तो मान खाली घालून गेला आणि मान खाली घालूनच आला, पण त्याच्यात काही दोष निघाला नाही. मग मुक्ताच्या गर्भनळ्यांत हवा सोडून पाहिली. हवा पुढे जाईना. पिशवीचं अस्तर खरवडून काचेत घालून पुण्याला धाडलं, आणि तीन आठवड्यांनी जो कागद आला त्यावर तो शब्द होता.

"क्षय फक्त छातीत होतो असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "रक्तातून खाली उतरतो, नळ्यांत बसतो. खोकला नाही, ताप नाही. बाईला पत्ताच लागत नाही. मूल होत नाही म्हणून आमच्याकडे येते तेव्हा कळतं."

"मग मूल?"

"आधी औषध. तीन महिने रोज सुई, गोळ्या दीड वर्ष. मग पुन्हा हवा सोडून पाहू. नळ्या तरीही बंद असल्या तर मुंबईला पोट उघडून त्या मोकळ्या करता येतात, पण दहांत एखादीला गुण येतो. खोटी आशा दाखवणार नाही मी तुला. मूल मांडीवर घ्यायचं तर आश्रमातनंही घेता येतं. पण औषध मधे सोडलंस तर आजार मुरतो, आणि पुढं तेच औषध लागू पडत नाही. मग मुलाचं राहू दे, तुझाच भरवसा नाही."

आणि मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं, "घरात कुणाला जुना खोकला होता का गं?"

"मामंजींना दमा व्हता. दोन वर्सं. त्यातच गेले."

"दमा? थुंकीतनं रक्त पडायचं?"

राखेचं मडकं रोज मुक्ताच रिकामं करायची. राखेत लाल धागे दिसायचे. सासरे तिला म्हणायचे, "पान खाल्लंय गं पोरी." तिनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं आणि काहीच उत्तर दिलं नाही. ती गोष्ट तिनं आजवर नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

*

गोठ्यात सूर्यभान बोलत होता आणि गहिनीनाथ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता. म्हशीला त्याची काही गरज नव्हती. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तो फिरवत होता.

"आसाराम पाव्हणा बारा गावचं पानी प्यालेला मानूस हाय. त्याचा मुलगा साखर कारखान्यात चिकटलाय, चालून आलेलं ठिकान. त्यानं ती सुई बघितली तर? क्षयाच्या घरातली पोरगी कोन करील? रतनचं सोड, हितनं म्होरं ह्या घराच्या चुलीवरचं पानी बी कोनी पिनार न्हाई."

"मग काय करू म्हंता?"

"तिला तीनच्या एस्टीत बसव. नगरला उतरंल, तिथनं पाथर्डीला म्हायेरी. सोयरीक झाली, लगीन झालं, की बघू."

"लगीन वैशाखात. पाच म्हयनं?"

"आन् कायमचीच ऱ्हायली तर काय बिघडतंय?" मामानं आवाज उतरवला. "आठ वर्सं झाली, गहिन्या. माझ्या मेव्हण्याची पोरगी हाय. कायदा कोर्टात असतू, बांधावर कोनी विचारीत न्हाई."

गहिनीनाथानं आईकडे पाहिलं. गोजरबाई दाराशी बसून लसूण सोलत होती. सुनेबद्दल भावाशी एरवी तास न् तास बोलणारी बाई सोललेल्या पाकळ्या पुन्हा सोलत होती. गहिनीनाथाला तिच्या गप्प बसण्याचीच भीती वाटली.

तो काही वाईट माणूस नव्हता. नगरच्या दवाखान्यात स्वतःची तपासणी करून घेणारे नवरे त्या काळी हाताच्या बोटांवर मोजावेत. पण धाकटी बहीण आणि बायको एकाच तराजूत घालायची वेळ आली की चांगली माणसंही आधी बहिणीकडे बघतात. बायको काय, समजून घेते.

त्यानं मुक्ताला सांगितलं ते माजघरात, नजर मेढीच्या खांबाकडे लावून. "थोडं दिस जा. पाव्हणं गेलं की मी येतो न्यायला."

"आठ दिसांत?"

"आठ... पंधरा."

"माझं आईबाप दिवाळीपास्नं ऊसतोडीला गेल्यात. घराला कुलूप हाय. निम्म्या गावाला कुलूप हाय."

"चुलत्याकडं ऱ्हा."

"ऱ्हाईन. तिथं मला सुई कोन दील?"

त्यानं खांबाला अडकवलेला दोर उगाच काढला आणि परत अडकवला.

"एक दिस चुकवू नका म्हनल्या व्हत्या बाई. तुमच्या म्होरं म्हनल्या. तुमी मान हालवली व्हती."

"मुक्ते, रतनच्या जल्माचा प्रश्न हाय."

"आन् माझ्या?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढवायचं तिला सुचलंच नाही, इतकी ती भ्याली होती. "गेले तर मी माघारी न्हाई यायची. तुमाला ठावं हाय."

गहिनीनाथाला ठाऊक होतं. म्हणूनच तो तिथं थांबला नाही.

मुक्तानं गाठोडं बांधलं. दोन लुगडी, गोळ्यांचा डबा, डॉक्टरीणबाईंचा कागद. सुईनं तिच्या कानात हल्ली पिठाची गिरणी चालू असे. डॉक्टरीणबाईंनी तेही सांगून ठेवलं होतं, आवाज वाढला तर लगेच ये म्हणून. आज आवाज वाढलाय का तिनं कान देऊन ऐकलं, आणि तिला फक्त स्वतःचं काळीज ऐकू आलं.

*

गोजरबाई रतनची वेणी घालत होती. सतरा वर्षांची पोर. केस दाट, मान ताठ, छाती भरलेली. गोजरबाई रोज तिच्या पाठीला हात लावून बघायची, श्वास घेताना आत काही वाजतं का ते.

"आई, वैनी कुठं चाललीया?"

"म्हायेराला."

"आज? मग मला हळदकुकू कोन लावील?"

"मान सरळ धर."

तेहतीस दिवसांपूर्वी महमूदनं पहिल्यांदा डबी उघडली, तेव्हा गोजरबाई शेजारी उभी होती. रबरी बुचाची बाटली, आत मिठासारखी पांढरी पूड, त्यात पाणी सोडून हलवायचं. सूर्यभानला दुकानात जावं लागलं. तिला कुठंच जावं लागलं नाही. अशा बाटल्या तिनं एकदा स्वतःच्या हातानं मुळा नदीच्या डोहात बुडवल्या होत्या.

नवऱ्याचा, सहादेवाचा, आजार नगरच्या डॉक्टरानं सांगितला त्याच दिवशी, परतीच्या एस्टीत, तिनं ठरवलं होतं: दमाच म्हणायचं. दम्याच्या घरात लोक पोरगी देतात आणि दम्याच्या घरातली करतातही. पण दमा म्हटला की दम्यासारखंच वागावं लागतं. ताटवाटी निराळी काढली तर शेजारीण विचारणार. अंथरूण गोठ्यात टाकलं तर पाहुणे विचारणार. सुया चालू होत्या तोवर गावाला ताकदीच्या म्हणून सांगितलं, आणि लोक कुजबुजायला लागले तशा चाळिसाव्याला बंद केल्या. शब्द सांभाळला, माणूस गेला.

तेवढ्या दोन वर्षांत एक मात्र तिनं केलं. नऊ-दहा वर्षांच्या रतनला बापाजवळ फिरकू दिलं नाही. "अभ्यास कर", "शेरडं बघ", काहीही सांगून पोरीला लांब ठेवलं. पण दुखणाइताला ताट कुणीतरी न्यायला हवं, राखेचं मडकं कुणीतरी उचलायला हवं. घरात नवी सून होती. सोळा वर्षांची, पाथर्डीच्या कोरड्या माळावरून आलेली, पुरणपोळी बघून डोळे विस्फारणारी. सहादेवाला तिची माया होती. अर्धी पोळी मोडून तो म्हणायचा, "खा पोरी, मला जात न्हाई." आणि ही तिथंच बसून खायची. गोजरबाई दारातून बघायची. एकदाही तिनं "नको खाऊ" म्हटलं नाही.

नंतर सहा वर्षं तिनं त्याच सुनेला वांझ म्हटलं.

"आई, वढतंय!" रतन ओरडली. गोजरबाईच्या मुठीत वेणी आवळली गेली होती.

*

पाहुणे तीनला येणार होते, ते दोनलाच आले. घाई माणसाला कुठं सांगून येते! आसाराम पाहुणा आणि त्याचा चुलतभाऊ घोंगडीवर बसले. मुक्ताला मागल्या दारानं काढायचं ठरलं होतं, पण मागलं दारही शेवटी अंगणातच निघत होतं. ती गाठोडं मांडीवर घेऊन आतल्या अंधाऱ्या खोलीत बसून राहिली. ओसरीवरचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता.

रतन आली, बसली, नाव सांगितलं, सातवी पास सांगितलं, नमस्कार करून आत गेली. आसाराम कमी बोलणारा माणूस. उंच, वाळका, डोळे खोल गेलेले. आल्यापासून त्यानं दोनदा तरी छातीवरून हात फिरवला होता.

तेवढ्यात अंगणात घंटी वाजली.

मुक्ता ताडकन उठली आणि पुन्हा बसली.

"गोजरमावशी!" महमूदनं सायकल भिंतीला लावत हाक दिली. "मामांनी सकाळी माघारी लावलं, पर आजचा दिस चुकवून चालायचं न्हाई. डॉक्टरीणबाईची चिठ्ठी हाय मला."

"कंपाउंडर का?" आसारामनं विचारलं. "घरात कोन आजारी हाय?"

"कोनी न्हाई, कोनी न्हाई!" सूर्यभान गडबडीनं म्हणाला. "म्हशीला सुई हाय. पान्हा चोरती. ए महमूद, गोठ्यात जाऊन बस जरा."

महमूदनं हातातल्या पितळी डबीकडे पाहिलं, मग गहिनीनाथाकडे. गहिनीनाथ घोंगडीचे दोरे उपटत होता.

आत मुक्तानं ते ऐकलं. म्हशीला. तिला रडू आलं नाही, उलट डोकं विलक्षण स्वच्छ झालं. आता आपल्यासाठी कुणी बोलणार नाही, एवढं तिला कळलं. ती गाठोडं घेऊन उठली. चुलत्याच्या घरी राहायचं, आणि मग जे होईल ते.

"बरं," ओसरीवर आसाराम म्हणत होता, "रीत म्हनून इचारतो, राग मानू नका. यजमान कशानं गेले?"

"दम्यानं," सूर्यभाननं लगेच सांगितलं. सहा वर्षांत हे उत्तर घराच्या भिंतींनाही पाठ झालं होतं.

गोजरबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं कप उंबऱ्यावर ठेवले आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"दमा नव्हता, पाव्हणं," ती म्हणाली. "क्षय व्हता."

"आक्का!"

"तू गप बस, सूर्यभान. दोन वर्सं व्हता. आमी गावाला दमा सांगितलं. तुमालाबी तेच सांगनार व्हतो." तिनं आतल्या दाराकडे पाहिलं. "माझ्या लेकीला मी त्याच्या वाऱ्याला हुबं केलं न्हाई. लोकाच्या लेकीला धाडलं. उष्टं खाऊ दिलं. ती सुई म्हशीला न्हाई, माझ्या सुनंला हाय. तिची कूस मीच बंद केली आन् मीच तिला वांझ म्हनले."

आतल्या दारात रतन उभी होती. तिच्या कपाळावरचं हळदकुंकू घामानं ओघळलं होतं, आणि आईनं आत्ता आपलं काय केलं ते तिला पुरतं कळलेलं दिसत होतं. ती रडेल असं गोजरबाईला वाटलं. रतन वळली, तिनं मुक्ताच्या हातातलं गाठोडं ओढून घेतलं आणि फडताळात नेऊन ठेवलं.

आसारामचा चुलतभाऊ आधी उठला. चहाला हात न लावता त्यानं वहाणा घातल्या आणि तडक अंगणाबाहेर गेला. आसारामही उठला.

"घात केलास, आक्का," सूर्यभान म्हणाला. "दोघींचा बी."

"महमूद," गोजरबाई म्हणाली, "आत ये. पानी उकळतंय."

गहिनीनाथ उठला. त्याला काहीतरी करायला हवं होतं आणि काय ते सुचत नव्हतं. शेवटी तो चुलीपाशी गेला आणि विझत आलेल्या जाळाखाली दोन काटक्या सारल्या.

महमूदनं काचेची पिचकारी आणि सुई उकळून घेतली, पूड पाण्यात कालवून बाटली हातात घोळवली. मुक्ता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. गोजरबाईनं तिला पदराचा आडोसा धरला आणि दुसऱ्या हातानं तिचा हात पकडला. सासूचा हात बर्फासारखा गार होता. आठ वर्षांत पहिल्यांदाच तो हातात आला होता.

"आत्या," मुक्ता भिंतीला म्हणाली, "मला ठावं हुतं. बाईंनी इचारलं तवाच कळलं मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी घरातनं काढचाल म्हनून."

गोजरबाईनं पदर आणखी वर धरला. काढलंच होतं की.

"मला पोर व्हईल का, आत्या?"

"न्हाई ठावं, बाई," गोजरबाई म्हणाली. "उद्याची सुई व्हईल. तेवढं ठावं हाय."

महमूद डबी मिटून ओसरीवर आला आणि थबकला. आसाराम गेला नव्हता. तो अंगणात सायकलीपाशी उभा होता, एकटाच, टोपी हातात घेऊन.

"ह्या सुईनं बरं व्हतं का?" त्यानं विचारलं. इतक्या हळू, की महमूदला पुढे वाकावं लागलं.

"मधी सोडली न्हाई तर व्हतं."

"किती दिस?"

"सुई तीन म्हयनं. गोळ्या दीड वरीस."

आसारामनं वाटेकडे पाहिलं. चुलतभाऊ पुलापर्यंत गेला होता, त्याला ऐकू येणार नव्हतं. मग त्यानं दारात उभ्या असलेल्या गोजरबाईकडे पाहिलं.

"बाई, आमच्याकडं थोरल्या सुनंला..." त्याचा हात पुन्हा छातीवर गेला. "आमी बी दमाच म्हनतो."

गोजरबाई उंबऱ्यावरून बाजूला झाली.

"रतन," तिनं आत हाक दिली, "पाव्हण्यांचा चहा गार झाला. दुसरा टाक."